बाबांचं पाणी

माझे सासरे टॉवर क्रेन चालवायचे. सकाळी सातला शिडीनं वीस मजल्यांएवढं चढायचं, काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि दुपारी जेवायलाच उतरायचं. मध्येच लघवीला उतरायचं तर अर्धा तास जाणार, खाली कालवलेलं काँक्रीट घट्ट होणार आणि मुकादम सगळ्यांदेखत शिव्या घालणार. म्हणून बाबा पाणीच प्यायचे नाहीत. साइटवरची मंडळी त्यांना 'उंट' म्हणायची आणि बाबांना त्या नावाचा कोण अभिमान. तीस वर्षांत मध्येच एकदाही उतरलो नाही, हे ते आल्यागेल्याला ऐकवायचे.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना लघवीतून रक्त आलं. दोन महिने त्यांनी हूं की चूं केलं नाही. निघाला मूत्राशयाचा कॅन्सर, आणि मूत्राशयच काढून टाकावं लागलं. आतड्याच्या तुकड्यातून बेंबीच्या उजवीकडे एक तोंड केलं. त्यावर पिशवी चिकटवायची, लघवी आपोआप तिच्यात जमते, भरली की रिकामी करायची. "कॅन्सर समूळ निघाला," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून आनंदानं रडले. नर्सबाईंनी मात्र मला बाजूला घेऊन बजावलं, "रोज दोन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर इन्फेक्शन वर किडनीपर्यंत जातं." सासूबाई हयात नाहीत, नवरा कायम फिरतीवर. तेव्हा ते काम माझ्याच गळ्यात पडलं. मी दोन लिटरचा जग आणला आणि कोणत्या वेळी किती प्यायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावलं.

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मग साइटवरच्या लोकांनी बाबांच्या निरोपाचा कार्यक्रम ठेवला. भाषणं लांबली, मधूनच उठायचा बाबांना संकोच वाटला. पिशवी भरून कडेनं सुटली आणि खुर्चीखाली ओघळ आला. शेजारी बसलेल्या मुकादमानं आपली खुर्ची जराशी सरकवली.

तोवर पिशवी मीच बदलून द्यायची. त्या दिवसापासून बाबा ती बदलताना दार लावून घ्यायला लागले. "सुनेनं बघण्यासारखं नाही ते. माझं मी करतो." मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. जग रोज संध्याकाळी रिकामा दिसायचा आणि मी नवऱ्याला फोनवर सांगायची, "बाबा अगदी शहाण्यासारखे पितात."

एकदा डोकं दुखत होतं म्हणून ऑफिसमधून दुपारीच घरी आले. बाबा बेसिनपाशी उभे होते. त्यांनी पेला भरला, शांतपणे ओतून दिला, पुसला आणि पालथा ठेवला. घड्याळ पाहून, माझ्या कागदावरच्या वेळेप्रमाणे.

"बाबा, हे काय चाललंय?"

"अगं, तू उगाच काळजी करत बसतेस, म्हणून."

"आणि तुमच्या किडन्या?"

"तीस वर्षांत कुठे काय झालं? प्यायलो नाही की पिशवी भरत नाही. भरली नाही की चार माणसांत बसता येतं. एवढं साधं आहे ते."

मी त्यांना नाही नाही ते बोलले, मग हात जोडले. माझं मन राखायला ते माझ्यासमोर दोन पेले पाणी प्यायले. पण बैल गेला अन् झोपा केला. आठवड्याभरात हुडहुडी भरून ताप आला, उलट्या सुरू झाल्या. दोन्ही किडन्या इन्फेक्शननं आतून आधीच वाळत चालल्या होत्या, हे डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून दाखवलं. कॅन्सरचा मात्र कुठे मागमूस नव्हता. ऑपरेशन उत्तम झालं होतं.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पिशवीत जेमतेम चमचाभर जमतं, बाकीचं पाणी अंगातच साठतं, पाय सुजतात, धाप लागते. म्हणून दिवसाला अर्धा लिटर, चहा धरून. ते मीच मोजून देते.

काल दुपारी चारलाच दिवसभराचं संपलं. बाबांच्या ओठांची सालं निघाली होती. "एक घोट दे गं," ते म्हणाले. "आता खरंच पितो मी. समोर उभी राहून बघ हवं तर."

"उद्या सकाळी देते, बाबा."

त्यांनी मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हल्ली ते माझं सगळं ऐकतात.