घरच्याच केळीचे खुंट

सत्यनारायणाला लागणारे केळीचे चार खुंट मी फक्त साठ रुपयांत मिळवले. यवतमाळच्या बाजारात त्या दिवशी दोनशेच्या खाली कोणी बोलत नव्हतं. घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे शहराला लागून असलेल्या आमच्या लोहाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आता जरा जास्तच ठाऊक झालंय.

मुळात मी देवभोळा नाही. पूजा घातली ती दादासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, उमरखेडला काळ्या जमिनीत केळीची बाग राखून असतो. मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान शून्यातून उभं केलं, लोहाऱ्यात घर बांधलं, आणि वास्तूच्या पंगतीत सगळ्या पाहुण्यांसमोर दादानं अंगणातला मुरूम बोटानं उकरून पाहिला. म्हणाला, "गजा, इथं केळ जगली तं मले सांगजो."

मी भरल्या ताटावरून उठलो. (ताटात बासुंदी होती. ते दुःख वेगळंच आहे.) "या मुरमात घड काढीन, तवाच तुह्या उंबरठ्यावर पाय ठेवीन," असं बोलून बसलो. बायको म्हणाली, घडाचं मागून पाहू, आधी जेवून घ्या. ऐकेल तो मी कसला!

त्यानंतर आठ वर्षं मी केळी गोळा केल्या. पांढरकवड्याला हायवेवर दक्षिणेतले ट्रक थांबतात. तिथल्या ड्रायव्हरांना चहा पाजून पाजून केरळची लाल केळ आणवली. वसईची वेलची केळ आणली, कोकणातली राजेळी आणली. तलावाचा गाळ आणून खड्डे भरले. लाल केळ मेच्या झळांनी करपली. वेलची थंडीत आखडली. राजेळीनं तीन पानं काढली आणि मग विचार बदलला. मी पुन्हा नवे कंद आणायचो आणि शेजारी उभा राहून त्यांना शिव्या द्यायचो. शेवटी तीन झाडं तगली, पण ती नुसतीच उंच झाली. बायकोनं मात्र मोरीच्या सांडपाण्यावर कुठलासा मुनवा, म्हणजे केळीचं पिल्लू, लावून ठेवला होता. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या संग्रहात मोरीकाठच्या झाडाला जागा नव्हती.

मग बायको गेली. तेव्हा दादा आला होता. आम्ही दोघंही रडलो, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत. मुलगी पुण्याला परतली. घरात भांडायला कोणी उरलं नाही, म्हणून मी केळींशी भांडू लागलो. त्या उलटून बोलत नाहीत, त्यामुळे मजा येत नाही.

आणि यंदा मोरीवरची ती केळ निसवली. चांगला नऊ फण्यांचा घड! मी अंगणातून ओरडलो, "अवं, बाहेर ये, पाह्य!" मग आठवलं. मोरीचा नळ उगाच बंद करून आत गेलो.

घड घेऊन आपण उमरखेडला जाणं म्हणजे दादासमोर वाकणं. त्यानं इथं येऊन झाडावरचा घड पाहायला हवा. साध्या निमंत्रणाला तो आला नसता, पण सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. तारीख ठरवली. जोडीनं बसायची पूजा; गुरुजी म्हणाले, बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचा.

राहता राहिले खुंट. भाव पाडायची माझी पद्धत ठरलेली आहे: कुठलीही वस्तू मागताना ती आपल्या घरी पडलेली आहे, असं आधी सांगायचं. बाजारातल्या फुलवाल्या मावशीला मी म्हटलं, "माह्या घरी केळीचं बन हाये. तोडायले वेळ नाही म्हणून आलो. तोडायचे साठ देतो, वर एक रुपया नाही."

मावशीनं मला खालून वर पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "घर कुठं हाये?"

समोरचा पहिल्याच बोलीला 'बरं' म्हणाला, की समजावं आपण फसलो. हा नियम मी सगळ्यांना ऐकवतो. त्या दिवशी तेवढा स्वतःला ऐकवायचा राहिला.

पूजेच्या दिवशी कमरेला सुपारी खोचूनच मी दादाला आणायला स्टँडवर गेलो. शेजारच्या शेख चाचांना सांगून ठेवलं, खुंटवाली येईल, तिला आत घ्या. ऑटोत आम्ही दोघं दोन बाजूंना पाहत बसलो. मी वाक्य पाठ करून आलो होतो. अंगणात शिरताच म्हटलं, "दादा, त्या दिवशी खाली पाह्यलं होतंस. आता वर पाह्य."

दादानं वर पाहिलं. मीही पाहिलं. वर आभाळ होतं.

चाचा चिकानं माखलेले हात पुसत घरातून बाहेर आले. "गजाभाऊ, मावशी आलती. एकटीच्यानं होत नव्हतं, मग मीच झाडं पकडली. घडवालं एकदम समोर लावलं, देख लो."

आत चौरंगाच्या चार कोपऱ्यांना माझी आठ वर्षं उभी होती. मी चाचांवर, मावशीवर, सत्यनारायणावर, सगळ्यांवर खेकसलो. दादा मात्र मोरीजवळ उकिडवा बसून कापलेला बुंधा पाहत होता.

"हे तं आपल्या उमरखेडच्या विहिरीवरची केळ हाये," तो म्हणाला. "तुह्या बायकोनं मुनवा नेलता. मीच खणून देला. म्हणे, ह्यांले सांगू नका, उपटून फेकतीन."

फेकलाच असता. कमरेची सुपारी मला टोचू लागली.

पूजा झाली. दादानं प्रसाद दोनदा घेतला. मग घडाची एक फणी चाचपून म्हणाला, "पंधरा दिवस घाई झाली. पन मुरमात आला, हे खरं. मी भुशात पिकवतो. पिकला का ये घरी. आठ दिवस राहजो."

आठ वर्षं मी याच बोलावण्याची वाट पाहत होतो. पण समोरून आकडा आला, की माझी जीभ माझी राहत नाही.

"चार," मी म्हटलं.

"बरं," दादा म्हणाला.