अंगठ्यावरच्या रेषा

"बगू, आज तरी वळखतंय का," असं म्हणून ती अंगठ्यावर फुंकर मारायची, पदराला पुसायची आणि मशीनच्या काचेवर टेकवायची. लाल दिवा लागायचा. मग आपणच काहीतरी मोडलं, अशा चेहऱ्यानं ती माझ्याकडे बघायची.

कवठे महांकाळला माझं सेवा केंद्र आहे. निराधार पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा अंगठा लावून आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं. तिचा अंगठा लागेना, म्हणून पेन्शन थांबली होती. तिची गॅसची टाकी आणि बीपीच्या गोळ्या त्यावरच चालायच्या.

तुम्ही म्हणाल, मोबाईलवर ओटीपी मागवायचा. आधारला जोडलेला नंबर मेलेल्या नवऱ्याचा. तो नंबर आता लातूरच्या कुणाकडे गेलेला. "भला मानूस हाय," ती म्हणाली. "फोन लावला की जेवलाव का इचारतो. पर ओटीपी कुनाला सांगू नये म्हनतो."

बेदाण्याच्या शेडवर मण्यांच्या काड्या मोडून मोडून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. मी सांगितलं, "मावशी, पुढच्या वेळी अंगठा स्वच्छ करून या."

चार दिवसांनी आली ती लालबुंद अंगठा घेऊन. टाचा घासायच्या वजरीनं घासला होता.

"अहो, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनलासा न्हवं? सरकारी काच हाय, घान अंगठा कसा लावू?"

उरल्यासुरल्या रेषाही गेल्या. ही चूक माझी.

मी तिला घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "मावशी समोर उभ्या आहेत, मला दिसतंय. पण मला दिसून चालत नाही."

काम बंद ठेवलं की रेषा परत येतात, असं ऐकलं होतं. म्हटलं, "पंधरा दिवस शेडवर जाऊ नका."

"आनि खाऊ काय? ह्यो अंगठा?"

पुढं ती शेडवरच चक्कर येऊन पडली. दीड महिना अंथरुणात होती. मग शेजारणीच्या खांद्यावर हात टाकून आली. फुंकर मारायला दम नव्हता. मीच तिचा अंगठा धरून टेकवला. पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा.

"बगा," ती म्हणाली, "हातरुनाला खिळल्यावर वळखलं."

पेन्शन सुरू व्हायच्या आत ती वारली. शेजारीण येऊन सांगून गेली.

हिरवा दिवा लागला त्या दिवशी ती खुर्चीवरून उठली, तेव्हा काचेवर तिचा ठसा राहिला होता. रेषा न् रेषा दिसत होती. मागं रांग होती. मी फडक्यानं काच पुसली आणि पुढच्याला बोलावलं.