सर, कोणता पिंगळा?

राठोड सर वारले, अन् मला कुणी सांगितलं न्हाई.

गावात चौघांकडं माझा नंबर हाये. चौघंबी दिवसभर मोबाईल चोळून राहतात. तरी मला तिसऱ्या दिवशी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं बघून विचारावं लागलं, कोण गेलं म्हणून.

नमस्कार सगळ्यांना. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. मी चौथी पास.

सर आमच्या गोरेगावकडच्या शाळेवर होते. राहायला शेजारच्या तांड्यात. हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट.

हिवाळा लागला की रविवारी आमी बायका शाळेच्या भिंतीला ऊन खात बसायचो, अन् सर आमाला पाखरं शिकवायचे.

मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा. बांधावर ज्वारीची चार ताटं कणसासकट उभी राहू द्या. कुंपणाचा जुना काटा थंडी सरल्याबिगर पेटवू नका, खाली तित्तर बसतात.

मी म्हणलं, "सर, आमच्या लेकरांना स्वेटर न्हाई. तित्तराला कुठून आणू?"

सर म्हणले, "मावशी, स्वेटर नका देऊ. त्याच्या अंगावरलं पांघरूण तेवढं ओढू नका."

बायका हसल्या. मी बी हसले. पण त्या साली काटा पेटवला न्हाई.

आता मुद्द्याचं.

पुसाच्या महिन्यात एका सकाळी सर लूनावर घरापुढं थांबले. मागं त्यांची मंडळी, शांताबाई. बाजाराला चालले होते. गाडी बंद न करताच बोलले.

"मावशी, आवार साफ करून राहिले म्हणं?"

"व्हय. माघात पोराचं लग्न. मांडवाला जागा पाहिजे."

"एक करा. थंडी सरेपर्यंत पिंगळ्याची जागा मोडू नका. जोडी हाये. असल्या गारठ्यात कुठं जातील?"

"न्हाई मोडत. जबान दिली."

आता तुमीच सांगा, पिंगळा म्हणलं की माणसानं काय समजावं?

आमच्याकडं पिंगळा म्हणजे पहाटं कंदील घेऊन कुडमुडं वाजवत येणारा. दारात उभा राहून घराचं बरंवाईट सांगणार, सुपातले दाणे घेणार, पुढं जाणार. दरसाल हिवाळ्यात एक पिंगळा अन् त्याची बायको आमच्या गोठ्याच्या पडवीत उतरायचे.

ती पडवी मी मोडायला काढली होती. जोडी बी बराबर जुळली.

म्हणून पडवी राखली. वाऱ्याच्या अंगाला गोणपाट लावलं. खाली कडबा अंथरला.

अन् मांडवासाठी अंगणातला जुना, पोकळ झालेला लिंब पाडला.

पिंगळा आला तवा त्याला सांगितलं, "राहा. सरांनी सांगितलंय."

तो म्हणला, "कोण सर?"

"तुला काय करायचंय? राहा."

लिंब पडला त्या दिवशी दोन बारकी पाखरं भर उन्हात विहिरीच्या रहाटावर येऊन बसली. गोल डोळे, मान गरागरा. कावळे त्यांना टोचून राहिले.

लग्नाच्या घरात घुबड नको म्हणून मीच ढेकळं मारून हाकलली.

आमच्या माहेरी त्याला बारकं घुबडच म्हणायचे. दुसरं नाव मला ठाव न्हवतं.

चार-आठ दिवसांनी सर एकटेच आले. लूना लावली अन् खोडापाशी उभे राहिले. मी त्यांना तिथं कुठं थांबू देते, पडवीकडं बोलावलं.

"बघा सर, शब्द पाळला. गोणपाट बी लावलं."

पिंगळ्याची बायको तीन दगडांच्या चुलीवर भाकर टाकत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला. सरांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत खोडाकडं.

"चांगलं केलं, मावशी."

एवढंच. चहा अर्धा ठेवला अन् गेले.

मला राग आला. एवढं करून माणूस नीट बोलला न्हाई. मी रविवारचं जाणं सोडलं.

खरं काय ते कळायला सात-आठ वर्षं लागली.

नात शाळेतून एक कागद घेऊन आली. सरांनी हातानं काढलेलं चित्र. गोल डोळे, अंगावर पांढरे ठिपके. खाली लिहिलेलं, पिंगळा.

मी दोनदा वाचलं. म्हणलं, "सरांनी चूक केली."

नात म्हणली, "न्हाई आजी. सर सांगतात, आधी चित्र बघा, मग नाव ऐका."

हे सर कवापासून सांगायला लागले?

मी बायकांना विचारलं. एक म्हणती, पहिल्यापासून. दुसरी म्हणती, तुज्या पोराच्या लग्नानंतर. तिसरीला लग्नातली बुंदी तेवढी आठवती.

त्यानंतर सरांची बदली वारंगा फाट्याकडं झाली. आमची तीनदा गाठ पडली. तीनदा "बरंय का" म्हणलं अन् वाटेला लागले. माझं तोंड लई चालतं म्हणतात. त्या एका गोष्टीला चाललं न्हाई.

आता बसून राहिले, अन् डोकं चालंना.

सरांना कळलं असंल का, की मी पिंगळा म्हणजे माणूस समजले?

का त्यांना वाटलं, या बाईनं जबान देऊन झाड पाडलं, अन् वरून भिक्षेकरी बसवून माझी थट्टा केली?

"चांगलं केलं" हे काय होतं? सर टोमणे मारणारे न्हवते. पण मग चहा काहून ठेवला?

कधी वाटतं कळलंच असंल. कधी वाटतं, तांड्यातला एवढा शिकलेला माणूस मला खोटारडी समजूनच गेला.

सर, झाड मी पाडलं. जोडी मी हाकलली. पण जबान मोडायची म्हणून न्हाई.

सुखानं जा.

शांताबाई, बाजाराच्या दिवशी मी काय बोलले ते तुमी ऐकलेलं हाये. नंतर माझ्या घरून परत आल्यावर सर काय म्हणले, ते बी तुमालाच ठाव. हसले असतील तर हसले लिहा. चिडले असतील तर चिडले लिहा. घाई न्हाई, सुतकाचे दिवस होऊ द्या. पोरीकडून लिहून घ्या, पण शब्द तुमचे पाहिजेत.

बाकीच्यांनी खाली काही टाकू नका. उत्तर शांताबाईच देतील.