जेवणाच्या टेबलावरचं यार्ड

नवीन पनवेलमध्ये आमच्या हॉलमध्ये मी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेते. शाळेतली नोकरी सोडल्यापासून हेच करते. येणारी बहुतेक खारघरच्या कॉलेजांतली मुलं. इंटरव्ह्यू तोंडावर आला की येतात, नोकरी लागली की फोन करायचाही विसरतात. त्यांच्यासाठी भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक कागद लावलेला आहे : ‘थांबू नका’. शब्द आठवला नाही, समोरच्याचं अर्धंच कळलं, तरी अंदाजाने पुढे जायचं. इंटरव्ह्यूत चुकणारा निभावून नेतो, गप्प बसणारा नाही. हे मी वर्षानुवर्षं पाहिलेलं होतं, त्यामुळे या नियमाबद्दल मला शंका नव्हती.

मागच्या वर्षी एका दुपारी जासईहून एक गृहस्थ आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, मोटरसायकलवरून आल्यामुळे भुवयांपर्यंत धूळ. चप्पल दाराबाहेर काढून, मुलांकडे न बघता ते सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

“मना बोलाचा नाय, मॅडम,” ते म्हणाले. “आयकाचा हाय.”

इंग्रजी फक्त ऐकायला शिकवा, असं मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना बसवलं आणि नीट विचारलं. ते गावाजवळच्या कंटेनर यार्डात कंटेनर उचलायची मशीन चालवत. एकोणीस वर्षं एकच मशीन. यार्ड झालं त्या जागेत त्यांच्या घरची भातशेती होती, तिच्या बदल्यात ही नोकरी. आता जुनी मशीन भंगारात जाणार होती आणि नवी येणार होती. ती शिकवायला परदेशातून एक ट्रेनर येणार होता. तो पंधरा दिवसांनी ड्रायव्हर लोकांची परीक्षा घेणार, वॉकीटॉकीवरून इंग्रजीत हुकूम देणार आणि तिघांना निवडणार. बाकीच्यांना गेटवर पावत्या तपासायला बसवणार.

“गेटवर बसायला काय हरकत आहे?” मी विचारलं. “सावली असेल, पंखा असेल.”

“मानूस मशीनवर असला तर ड्रायव्हर, मॅडम. गेटवर बसला तर मेलेला ड्रायव्हर.”

मी त्यांना घेतलं.

पहिले तीन दिवस मी शिकवलं तसंच, जसं सगळ्यांना शिकवते. वहीत डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी. पिक अप म्हणजे उचलणे, पुट डाउन म्हणजे खाली ठेवणे, टेक ऑफ म्हणजे वरून काढणे. त्यांनी चौथ्या दिवशी सगळी यादी घडाघडा म्हणून दाखवली. मग मी अख्खं वाक्य बोलले : ‘टेक इट ऑफ द ट्रेलर अँड पुट इट डाउन नेक्स्ट टू द रेड वन.’ ते वहीत शोधू लागले.

“टेक ऑफ पाठ केला होता. यो इट मधी कुठून आयला?”

इट मधेच येतो, हे मी सांगितलं. वस्तूचं नाव घेतलं तर ते पुढेमागे कुठेही चालतं, पण नुसतं ‘ते’ म्हणायचं असेल तर त्याची जागा मधलीच. आणि त्यानंतर ऑन, ऑफ, नेक्स्ट टू असं काहीतरी येऊन कुठे ठेवायचं ते ठरतं. म्हणजे ‘पुट इट’ एवढं ऐकून काहीच कळत नाही. खाली ठेव, परत ठेव, बाजूला ठेव, हे सगळं शेवटी उघड होतं.

“मग आपल्यासारखाच हाय की,” ते म्हणाले. “आपन पन आख्खी गोष्ट सांगून मग शेवटी बोलतो, उचल का ठेव.”

हे माझ्या इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मराठी माणसाला शेवटच्या शब्दापर्यंत थांबायची सवय जन्मापासून असते, हे खरंच आहे. मी वही बंद केली आणि स्वयंपाकघरातून डबे आणले. जेवणाच्या टेबलावर यार्ड मांडलं. साखरेचा लाल झाकणाचा डबा, चहाचा निळा, रव्याचा मोठा. पोळपाट हा ट्रेलर. टेबलक्लॉथची पिवळी पट्टी म्हणजे यार्डातली पिवळी रेघ. लोणच्याची काचेची बरणी कोपऱ्यात होतीच, ती तशीच राहिली. मी खुर्चीत पाठमोरी बसून हुकूम सोडायचे, ते डबे हलवायचे. ‘लाइन इट अप विथ द यलो लाइन’ म्हटलं की ते डबा पट्टीला इतका चोख लावायचे की मी मुलांना उठून बघायला सांगायचे.

आठवडाभरात बरं जमू लागलं, फक्त वेग नव्हता. वाक्य लांबलं की ते हात उचलून थांबायचे. कॉलेजातली एक मुलगी, तोंडाने जरा जास्तच चालू, भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, “काका, वाचा ना! थांबू नका. आम्हाला तरी कुठे सगळं कळतं? ठोकून द्यायचं.”

“तुमी ठोका, ताई. तुमचा तोंड हाय, माझा कंटेनर हाय.”

मुलं हसली. मीही हसले, पण मुलीचीच बाजू घेतली. परीक्षा पाच दिवसांवर आली होती. थांबणारा माणूस ट्रेनरला अडाणी वाटणार, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. इथून पुढे थांबायचं नाही. सत्तर टक्के कळलं की हात चालवायचा.

त्यांनी मान हलवली. मास्तरांचं ऐकायचं, या वळणाचे ते होते.

मी वेग वाढवला. ‘पिक अप द बिग वन, टेक इट ओव्हर द ब्लू वन, पास्ट द रेड वन, अँड पुट इट डाउन बिहाइंड इट.’ मुलांनी मागाहून सांगितलं, रव्याचा डबा उचलला गेला, निळ्यावरून गेला, हवेत क्षणभर अडखळला आणि भलतीकडे वळला. मला ऐकू आला तो फुटल्याचा आवाज. मी वळून बघितलं तर लिंबाचं लोणचं टेबलावरून फरशीपर्यंत आणि काचा चौफेर.

ते आधी काचा गोळा करायला बसले. मी नको नको म्हणत होते तरी त्यांनी सगळ्या वेचल्या, कागदात बांधल्या. मग उठून उभे राहिले.

“तीन इट झाले, मॅडम. शेवटचा कुठला, निला का लाल? मना कलला नवता. तुमी बोललात थांबू नका, मी थांबलो नाय.” आवाज चढलेला नव्हता. “तिकडं तीस टन लटकतेलं असतात आनि खाली मानूस उभा असतो. आमी अंदाजानं नाय उचलत.”

मी तेलकट टेबलक्लॉथ ओढून काढला आणि बादलीत टाकला. तेवढ्या वेळात माझ्या लक्षात आलं की माझं वाक्यच धड नव्हतं. शेवटचा ‘इट’ कोणता, हे बोलताना मलाही ठरवता आलं नसतं. आणि ज्या माणसाचं काम कळेपर्यंत न हलणं हे आहे, त्याला मी पाच दिवसांत ती सवय मोडायला लावत होते.

उरलेल्या दिवसांत मी नवीन एकही शब्द शिकवला नाही. दोनच गोष्टी घोटून घेतल्या. ऐकलेला हुकूम हात लावायच्या आधी मोठ्याने परत म्हणायचा. आणि नाही कळला तर ‘व्हिच वन, सर?’ किंवा ‘से अगेन’. मी मुद्दाम घोळदार वाक्यं बोलायचे, ते प्रत्येक वेळी विचारायचे. “व्हिच वन, मॅडम?” म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज एकदम ड्रायव्हरचा व्हायचा.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. मशीन छान चालली, पण त्यांनी चार वेळा परत विचारलं होतं. वॉकी सगळ्यांच्या हातात होते. चौथ्या वेळी कुणीतरी मधेच हसलं आणि म्हणालं, “दादा, ट्यूशनचा पैसा परत माग!” ट्रेनरने नुसता कंटेनरचा नंबर सांगितला. एका तरुण ड्रायव्हरने मात्र एकदाही न विचारता सगळं उरकलं, इंग्रजीही फर्डं.

“त्याचा नंबर पक्का,” ते म्हणाले. “माझा गेट पक्का.”

  माझ्या सांगण्यावरून एका माणसाने चार वेळा सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि ते चुकलं असेल तर किंमत त्याला मोजावी लागणार होती. पुढचा आठवडा मी क्लास नेहमीसारखा घेतला, पण फोन वाजला की आधी नंबर बघायचे.

आठव्या दिवशी फोन आलाच नाही, ते स्वतः आले. क्लास चालू होता. चप्पल काढून आत आले, हातातली पिशवी टेबलावर ठेवली.

“तिसरा नंबर हाय,” ते म्हणाले. “सोमवारपासून नवीन मशीन.”

“आणि तो तरुण मुलगा?”

“गेटवर. एक कंटेनर दुसऱ्याच रांगेत ठेवला त्यानं. इंग्लिश माझ्यापेक्षा बरा होता त्याचा.” जिंकल्याचा आनंद त्यांच्या बोलण्यात नव्हता. त्या मुलालाही त्यांनीच मशीनवर हात धरून शिकवलं होतं, हे मला नंतर कळलं.

ती तोंडाळ मुलगी म्हणाली, “काका, पेढे कुठेत?”

“पेढे नाय. हे आनलाय.” त्यांनी पिशवीतून झाकणाची स्टीलची बरणी काढली आणि पूर्वीची बरणी असायची त्याच कोपऱ्यात ठेवली. “पडली तरी फुटनार नाय. तुमी पोरांना शिकवा बिनधास्त.”

भिंतीवरचा कागद मी काढलेला नाही. इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांना तो लागतो. पण आता नवीन कुणी आलं की आधी विचारते, काम काय करता. मग ठरवते, त्यांना कागदाकडे तोंड करून बसवायचं की पाठ करून.