पाट्या वाचणारा सिद्रामप्पा

देगलूरला तंबूत मुका शिनेमा आला, की पडद्याशेजारी उभं राहून, मधीमधी पडद्यावर येणाऱ्या अक्षरांच्या पाट्या अडाणी लोकांसाठी मोठ्यानं वाचायचं काम सिद्रामप्पाचं. साल दुष्काळाचं होतं. खेळ एका गरीब घराचा. बाप कामासाठी परमुलखात जातो आन् तिथंच मरतो. खेळ त्याला पाठ होता, पण आज पुढच्याच ओळीत त्याची धाकटी बहीण दानम्मा येऊन बसली. तिचा नवरा बसवंत हैद्राबादेला कामाला जाऊन चार महिने झालते. सांगावा न्हाई, काही न्हाई.

मरणाची पाटी आली. सिद्रामप्पानं एकवार दानम्माकडं बघितलं.

"बाप सुखरूप हाय, घराकडं निघालाय!" त्यानं ठोकून दिलं.

पण पडद्यावर त्या बापाची बायको कपाळ पुसू लागली.

"अण्णा, मंग ती कुक्कू कामून पुसून राहिली?" दानम्मानं विचारलं.

"कुक्कू कशाचं? ऊन लई हाय. घाम पुसून राहिली."

"घाम आला म्हणून बांगड्याबी फोडाव्या लागतेत का, अप्पा?" मागून एक म्हातारा ओरडला, आन् सगळा तंबू हसला.

दानम्मा हसली न्हाई. खेळ संपेस्तोवर ती पडद्याकडं न बघता भावाच्या तोंडाकडंच बघत बसली. बसवंताचं काही कळलंय आन् हा लपवून राहिलाय, असं तिनं धरलं. सिद्रामप्पाला तर काहीच ठावं नव्हतं.