भाड्यानं दिलेला डोंगा

बालाघाटच्या धानगिरणीत मी लागलो तेव्हा मला पोहता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जी काळजी केली तिच्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे. मी अकोल्याकडच्या कोरड्या मुलखातला. आमच्या गावची नदी पावसाळ्यापुरती नदी असायची, उरलेलं वर्षभर तिच्यातून बैलगाड्या जायच्या. सातवीत शाळा सुटली. मी सोडली असं घरचे म्हणायचे, शाळेनंच मला सोडलं असं मला वाटायचं. नात्यातल्या एका मामाच्या मागे तिरोडीच्या खाणीवर गेलो, तिथली धूळ छातीला सोसेना, म्हणून बालाघाटला आलो आणि गिरणीत पोती शिवायला लागलो. साल पासष्टच्या आसपासचं असेल.

काम मिळालं, खोली मिळेना. मी लहान असतानाच घरचे सगळे बौद्ध झाले होते. शहरात खोली पाहायला गेलो की लोक आधी गाव विचारायचे, मग आडनाव, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली निघायची. शेवटी वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरच्या एका गावात एका ढिवराच्या बाईनं मला पडवी दिली. तिचा नवरा मासे धरायचा, तो आदल्या पावसाळ्यात वारला होता. तिनं आडनाव विचारलं नाही. "रात्री खोकतं का रे तू?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो. खोकत होतो, पण नाही म्हणालो. तिला मी मावशी म्हणायचो.

पूल होता, पण आमच्या गावाहून तो इतका लांब की त्यानं गेलो असतो तर गिरणीचा भोंगा वाजून गेल्यावर पोचलो असतो. पावसाळ्यात नदीपलीकडचे मजूर खाडे करतात म्हणून मुकादम त्यांच्यावर टपलेलाच असायचा. माझे खाडे होऊ लागले तसं मावशीनं एक दिवस घाटावर पालथा पडलेला नवऱ्याचा डोंगा दाखवला आणि म्हणाली, "हा तू घेऊन टाक. मले पोरगा नाई. जावई रामपायलीले धान पेरते, त्याले काय कराचा डोंगा?"

डोंगा म्हणजे एका अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली होडी. मला तो हाकायला मावशीनंच शिकवलं. ती पुढं बसायची, तोंड धारेकडं, माझ्याकडं पाठ. मी बांबू चुकीचा टेकवला की मागं वळून पाहायची नाही, नुसता तिचा खांदा उडायचा. डोंगा गळायचा. बुडाला एक लांब चीर होती, म्हणून घासलेटचा कापलेला डबा पायाशी ठेवायचा आणि मधल्या धारेत हात मोकळे झाले की पाणी उपसायचं. पलीकडे उतरायचो तेव्हा घोट्यापर्यंत भिजलेला असायचो, पण वेळेवर असायचो. त्या पावसाळ्यात माझा पुढे एकही खाडा झाला नाही. डोंगा होता म्हणून गिरणी होती, आणि गिरणी होती म्हणून मला घरी तोंड लपवत परत जावं लागत नव्हतं. माझा सगळा हिशेब इतकाच होता.

होळीच्या सुमाराला पाणी उतरलं. धोतर वर खोचून नदी पायी पार करता येऊ लागली. मावशी मुलीच्या बाळंतपणाला रामपायलीला गेली, मी डोंगा घाटावर बाभळीखाली ओढून ठेवला आणि नेमकी त्याच दिवसांत ती माणसं आली.

आली म्हणजे ती थंडीपासून तिथंच होती. नदीच्या मधोमध वाळूचं बेट उघडं पडायचं, त्यावर त्यांची डांगरवाडी होती. वाळूत खड्डे करून, खत घालून टरबुजं-काकड्या लावतात, तिला डांगरवाडी म्हणतात. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई, एवढीच माणसं. गाव खाली भंडाऱ्याकडं. तोवर मी त्यांना लांबूनच पाहिलं होतं. नवऱ्यानं जवळ येऊन डोंग्याला हात लावला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "हा तुमचा का, भाऊ? टरबुजं निंगून राह्यले. डोक्यावर किती नेवावं? दोन-तीन महिन्यांसाठी द्या ना भाड्यानं."

"तुमचा डोंगा नाई का?" मी विचारलं.

"हाय ना, घरी. पन धारेच्या उलटा इथवर कोन आनंल?"

बायको मागं उभी होती, कमरेवर टोपलं घेऊन. ती म्हणाली, "काहून एवढा इचार करता, भाऊ? आमी काई खाऊन नाई टाकत तुमचा डोंगा."

'काहून' ऐकलं आणि माझं अर्धं काम झालं. गिरणीत सगळीकडे हिंदी. घरचा शब्द कानावर पडायला मावशी होती, तीही गावाला गेलेली. मी तरीही एका प्रश्नाची वाट पाहत होतो. आता हा आडनाव विचारेल, मग डोंगा नको म्हणेल, म्हणजे ठरवायची कटकटच मिटेल. त्यानं डोंगा उलटा केला, बुडाच्या चिरेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "गयते का?"

"गळतो," मी म्हणालो.

"चालते," तो म्हणाला.

मी उद्या सांगतो म्हटलं. गिरणीत भट्टीवर धानाचा कोंडा ढकलणारा एक उत्तरेकडचा माणूस होता, वयानं मोठा, माझ्यावर जीव असलेला. त्याला विचारलं. तो फावड्यावर रेलून हसला. "अरे, साइकिल है क्या, जो घंटे के हिसाब से दे दोगे? उनका गाँव किधर है?"

"भंडारे की तरफ."

"और नदी किधर बहती है?"

नदी सरळ त्यांच्या गावाकडं वाहत होती. त्यांनी डोंग्यात बसून नुसतं झोपून जरी घेतलं असतं तरी तो त्यांना घरी नेऊन पोचवणार होता.

एवढं कळूनही मी डोंगा दिला. का दिला, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आज वाटतं, मावशीनं मला ओळखपाळख नसताना पडवी दिली होती, तिच्याच डोंग्यासाठी मी दुसऱ्याला उलटसुलट विचारत बसणं मला जमेना. भाडं काय घ्यायचं तेही मला सांगता येईना, तर त्या बाईनंच ठरवून टाकलं, की दर रविवारी येऊन नेता येतील तितकी टरबुजं न्यायची.

रविवार तर रविवार, मी मधल्या वारीही जायचो. कधी पायात काटा मोडला म्हणून, कधी वाट चुकलो म्हणून. वाळूच्या मोकळ्या बेटावर वाट कशी चुकतात ते त्या बाईला कळत नव्हतं असं नाही. "आत्या, उठा," ती सासूला हाक मारायची, "डोंग्याचे बाबा आले पाह्यजा." म्हातारी झोपडीतून हात जोडायची. मी लाजायचो आणि तरी बोलता बोलता डोंग्याच्या कडेवरून हात फिरवून यायचो. टरबुजं खांद्यावर घेऊन गिरणीत गेलो की भट्टीवाला सगळ्यांना फोडी वाटायचा आणि म्हणायचा, "खाओ भाई, नाव खाओ."

मग उन्हाळा तापला तसा गिरणीतल्या पुष्कळांना ताप आला, मलाही आला. कामावर कसाबसा जायचो, येऊन पडवीत पडायचो. बेटाकडं जाणं राहून गेलं. अंगात बळ आलं तेव्हा एका सकाळी गेलो, तर बेटावर वाळलेले वेल होते, चुलीची राख होती, झोपडीच्या जागी भोकं होती. माणसं नव्हती. डोंगा नव्हता.

मी बाभळीखाली पाहिलं. वरच्या घाटावर पाहिलं, खालच्या घाटावर पाहिलं. पाणी आटून जिथं तिथं वाळू झालेली, डोह तेवढे शिल्लक. त्यातल्या एका डोहाच्या काठाशी एक बांबू रोवलेला होता, त्याला लाल चिंधी. कुणाच्या तरी जाळ्याची खूण असेल म्हणून मी त्याच्या सावलीएवढ्या सावलीत बसलो आणि विचार करत राहिलो, की मृग किती लांब आहे, मुकादमाला काय सांगायचं, आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे मावशीला काय सांगायचं. आपली बोली ऐकली आणि फसलो, हेच डोक्यात फिरत होतं. ती बाई 'काहून' म्हणाली नसती तर मी दिला नसता, असंही वाटलं. इतका राग मला कुठल्या शब्दाचा कधी आला नव्हता.

भट्टीवाल्याला सांगितलं. वाटलं होतं तो हसेल, पण तो हसला नाही. "बह गई," एवढं म्हणाला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "बरसात में इधर मेरे पास सो जाना. भट्टी के पीछे जगह है. मुकादम से मैं बात कर लूँगा." मला रडू आलं, ते मी कोंड्याच्या धुरावर घातलं.

म्हणजे नोकरीचं काहीतरी झालं असतं. मावशीचं काय करायचं ते राहिलंच होतं. रविवारी मी वारासिवनीपर्यंत मोटारीनं आणि पुढं पायी रामपायलीला गेलो. मावशी ओट्यावर नातवाला तेल लावत बसली होती. मला उन्हातून येताना पाहून तिचा हात थांबला.

"काय झालं रे? घरून तार आली का?"

"नाई."

"मंग तोंड काहून असं?"

"मावशी, डोंगा गेला."

"कुठी गेला?"

मी सगळं सांगितलं. कुणाला दिला, कशावर दिला, ताप कसा आला. ती ऐकत नातवाच्या पायाला तेल चोळत राहिली. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "तो डांगरवाला ढिवर हाय ना?"

"हौ."

"मंग डोहात पाह्यलं का?"

मला कळेना. "डोहात? बुडाला म्हनता का?"

"बुडाला नाई रे बावा, बुडवला असंल! वैशाखाच्या उन्हात डोंगा भुईवर ठेवते का कोनी? लाकूड तडकून दोन फाका होईन त्याच्या. आत गोटे भरतेत न् डोहात बसवतेत. पानी आलं का काढतेत." मग तिचं माझ्याकडं नीट लक्ष गेलं. "तू कुठी धुंडला?"

"घाटावर. बाभळीखाली."

ती हसायला लागली ती नातू रडेपर्यंत. "आयकलं का वं," तिनं आतल्या मुलीला हाक मारली, "ह्यानं डोंगा झाडाखाली धुंडला!" मुलगी बाळंतिणीच्या खोलीतून हसली. मी उन्हात उभा राहून, कधी नव्हे ते, कुणी मला हसतंय याचं बरं वाटून घेत होतो. पण पूर्ण नाही. मावशीनं जो सांगितला तो चांगल्या माणसाचा रिवाज होता. तो माणूस चांगला होता का, हे अजून पाण्यातच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या चिंधीच्या बांबूपाशी गेलो. धोतर काठावर ठेवलं आणि बांबूला धरून उतरलो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. पाय चिखलात रुतला. पुढचं पाऊल टाकायची भीती वाटत होती, तरी टाकलं, आणि अंगठा कडेवर आपटला. लाकडाची कड. पायानंच मी ती चाचपत गेलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आत गुळगुळीत गोटे ओळीनं लावलेले. सांडलेले नव्हते, टाकलेले नव्हते, लावलेले होते. मी बांबूला मिठी मारून तसाच उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. त्या दिवशी मात्र मला गिरणीत उशीर झाला, आणि मुकादम ओरडला तेव्हा मी हसत होतो म्हणून तो आणखी ओरडला.

त्यांनी मला सांगितलं का नाही, हे पुढे मावशीला विचारलं, तर तिलाच नवल वाटलं. "सांगाचं काय त्यात? चिंधी तं लावली." नदीवर वाढलेल्या माणसाला डोंगा उन्हाळ्यात पाण्याखाली असतो हे सांगावं लागत नाही. मी तसा नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी मला त्यांच्यातलाच धरलं होतं.

पाऊस लागला तसा मावशी परत आली. गावातल्या दोघांना घेऊन आम्ही गोटे काढले, डोंगा वर आला, काळा, जड, शेवाळानं माखलेला. पहिल्या दिवशी सवयीनं मी डबा पायाशी ठेवला. मधल्या धारेत आलो, हात मोकळे झाले, डबा उचलला आणि खाली पाहिलं, तर उपसायला पाणीच नव्हतं. महिनाभर पाणी पिऊन लाकूड फुगलं होतं आणि चीर आपोआप मिटली होती. मावशी पुढं बसली होती, पाठ माझ्याकडं. तिचा खांदा हलत होता, पण मी काही चुकलो म्हणून नव्हे.

पुढच्या होळीला ती माणसं पुन्हा डोंगा मागायला आली. रामपायलीची गोष्ट तोवर घाटावरच्या सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे मी काही सांगायच्या आधीच ती बाई तोंडाला पदर लावून उभी.

"भाऊ, खरंच झाडाखाली धुंडला?"

"हौ. तुमी सांगून नाई जाव का?"

"यंदा सांगू," ती म्हणाली. "गिरणीवर वाजंत्री लावून सांगू."

तिच्या नवऱ्यानं काही विचारायच्या आत मी बांबू त्याच्या हातात दिला. त्या उन्हाळ्यात मी डोंगा पाहायला एकदाही गेलो नाही. बेटावर जायचो, पण ते टरबूज खायला.