बहात्तरांतल्या चार

गजर साडेचारचा होता, पण तिचा दिवस पावणेचारलाच सुरू व्हायचा. मधला पाऊण तास ती गळ्याभोवती ओला टॉवेल गुंडाळून खिडकीशी उभी राहायची. छातीतून गरम लोट उठायचा, तो कानापर्यंत चढायचा, मग घाम, मग थंडी, आणि सगळ्यावर वरताण म्हणजे धडधड. नवरा पांघरुणातून विचारायचा, "परत?"

"झोपा तुम्ही. दोघांनी जागून काय पहारा द्यायचाय?"

साडेपाचला ती हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात, तापलेल्या रोलरपुढं. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, एक झटका द्यायचा आणि ताठ झालेली कड सरळ रोलरच्या तोंडाला लावायची. या कामात जोर हातात नसतो, टाचेत असतो. एकीचा पाय हलला की चादर तिरकी जाते, चुण्या पडतात आणि ती परत पाण्यात जाते. दुसऱ्या कोपऱ्याला तिची धाकटी जाऊ असायची. अकरा वर्षांत दोघी बोलल्या नाहीत असा दिवस गेला नव्हता, आणि भांडल्या नाहीत असाही नाही.

आता मात्र ऐन झटक्याला तिला लोट यायचा आणि बोटं सैल पडायची.

"बंब पेटला गं!" पलीकडच्या बायका खिदळायच्या.

"हसा. तुम्ही काय अमरपट्टा घेऊन आलाय? तुमचीही पाळी येईल."

"पाळी जायची तर वाट बघतोय!"

मुकादम मात्र हसत नव्हता. "बाई, रोज वीस-वीस चादरी परत येतायत. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर मळके कपडे निवडायला जा."

निवडायचं काम म्हणजे दिवसभर कमरेत वाकून परक्यांच्या घामाचे, ओकारीचे कपडे वेगळे करायचे, आणि मजुरीही कमी. तिथून रोलरपर्यंत यायला तिला नऊ वर्षं लागली होती.

एका मैत्रिणीला हॉर्मोनच्या औषधानं गुण आला होता. हिनंही ते घ्यायचं ठरवलं, आणि शहाणपणा करून आधीच रक्त तपासून ठेवावं म्हणून लॅबमध्ये गेली. काउंटरवरच्यानं रंगीत कागद पुढं सरकवला. "मावशी, पूर्ण शरीराचं पॅकेज. बहात्तर चाचण्या. हॉर्मोनं सगळी त्यात आली."

अर्धा पगार त्यात जाणार होता. तिनं कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे नेला.

बाईंनी आधी वय विचारलं. एकोणपन्नास. पाळी सात महिन्यांत एकदा. रक्तदाब मोजला. पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, घरात कुणाला छातीचा कॅन्सर होता का, सगळं खोदून विचारलं. छातीच्या कॅन्सरसाठीचा फोटो, मॅमोग्राफी, सरकारी इस्पितळात फुकट निघतो, तिथली चिठ्ठी दिली. मग पेन घेऊन त्या कागदावर काट मारत सुटल्या. शेवटी चार ओळी उरल्या. हिमोग्लोबिन, साखर, चरबी, थायरॉइड.

"आणि हॉर्मोन नाही मोजायची? औषध तर त्याचंच."

"आज एक आकडा येईल, पुढच्या आठवड्यात भलताच. या वयात त्यावरून मी वेगळं काहीच करणार नाही. मग पैसे कशाला घालवता? थायरॉइड मात्र बघायचं. ते बिघडलं तरी असाच घाम येतो."

हे तिला पटलं. फुकटचे हेलपाटे तिला कामातही खपत नसत.

तीन चाचण्या ठीक आल्या. चौथीनं घोळ घातला. थायरॉइड फार जोरात चालतंय, असं रिपोर्ट म्हणत होता.

"मग हॉर्मोनचं औषध इतक्यात सुरू नको," बाई म्हणाल्या.

महिनाअखेरीला नऊ दिवस होते. काउंटरवरचा तर टपूनच बसला होता. "मावशी, आता थायरॉइडच्या आणखी सहा कराव्या लागतील."

पुढचे तीन दिवस ती धड बसली नाही. भांडी घासलेली परत घासली. नवऱ्यावर खेकसली. मनगटावर बोट ठेवून ठोके मोजायची, मोजता मोजता ते आणखी वाढायचे.

डॉक्टरीणबाईंनाही काहीतरी खुपत होतं. त्यांनी तिला परत बोलावून वजन केलं, ते वाढलेलं. हात पुढं धरायला लावले, बोटं स्थिर. "थायरॉइड जोरात असतं तर माणूस वाळतो, हात कापतात. दुसरं काही औषध चालू आहे?"

"छे."

"उद्या या. पण जे जे तोंडात घालता ते सगळं घेऊन या. चूर्णसुद्धा."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तिनं जाऊला पिशवी उघडून दाखवली. पित्ताची पावडर, कॅल्शियम.

धाकटी म्हणाली, "आणि केसांची गोळी?"

"ती काय औषध आहे? ती तर आपण सगळ्याच घेतो."

दिवसभर वाफेत, डोक्याला घट्ट टोपी. रोलरवरच्या एकूण एक बाईचे केस गळत. म्हणून सगळ्या मिळून मोठा डबा आणायच्या आणि जेवणानंतर तो सुपारीसारखा फिरायचा. कुणी वेणी दाट व्हावी म्हणून दोनही घ्यायची. ही दोन घेणाऱ्यांतली.

"घ्या तरी," जाऊ म्हणाली. "बाईंनी सगळं म्हटलंय ना? तुमचं शहाणपण घरी ठेवा, जाऊबाई."

डॉक्टरीणबाईंनी डब्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि कपाळावर हात मारला. "बायोटिन! केसांचं जीवनसत्त्व, आणि एवढं! यानं रक्त तपासणारी काही यंत्रं फसतात. रिपोर्ट खोटा येतो. तुमचं थायरॉइड बहुतेक ठणठणीत आहे. आठ दिवस ही बंद करा. मग फक्त तीच एक चाचणी परत करायची. बाकी काही नाही."

आठ दिवस बंद, नवव्या दिवशी रक्त, आणि तेवढ्यात महिना संपला. तिनं मुकादमाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्याही मागं साहेब आहे." एक तारखेला ती वाकून मळके कपडे निवडत होती. चाचणीच्या दिवशी काउंटरवरच्यानं पुन्हा पॅकेज काढलं तेव्हा ती म्हणाली, "बाळा, मला एकच हवी. उरलेल्या एकाहत्तर तुझ्यासाठी करून घे."

रिपोर्ट ठीक आला. औषध सुरू झालं. कमरेवर चिकटवायची पट्टी आणि झोपताना एक गोळी. पहिल्या आठवड्यात काही नाही. तिसऱ्यात ती एकदा गजरानं उठली आणि घाबरलीच, घड्याळ बिघडलं की काय म्हणून. सातव्या आठवड्यात मुकादमानं तिला जाऊसमोर उभं केलं आणि शंभर चादरी लावायला सांगितल्या. दोन परत आल्या. मुकादम म्हणाला, "उद्यापासून रोलरवर."

"एक तुझी," ती जाऊला म्हणाली.

"दोन्ही तुमच्याच. पण असू दे."

निवडायच्या कामाच्या त्या कमी मजुरीतला, कमरेत वाकून मिळवलेला बराच पैसा थायरॉइडच्या त्या दुसऱ्या चाचणीत आणि पट्ट्यांच्या पहिल्या दोन पाकिटांत गेला.